रात्री तीनला फ्रिज बंद, सकाळी बॅटरी ठणठणीत: व्हॅनमधल्या घराचं पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. दिवसभर सगळं सुरळीत चालतं. संध्याकाळी चार्ज कंट्रोलरच्या (सोलर प्लेटांची वीज बॅटरीत भरणाऱ्या पेटीच्या) पडद्यावर बॅटरीच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात. रात्री अडीच-तीनच्या सुमारास फ्रिज बंद पडतो, त्याचा लाल दिवा लुकलुकत राहतो आणि काही केल्या तो परत सुरू होत नाही. पंखे मात्र फिरत असतात. सकाळी ऊन चढलं की फ्रिज आपला आपण चालू. ऊन चढायच्या आत बॅटरीवर मीटर लावावं तर १३.१ व्होल्ट. लिथियम फॉस्फेट बॅटरी १३.१ दाखवत असेल तर ती साधारण निम्मी भरलेली असते, म्हणजे संपलेली नक्कीच नाही.

आमच्याकडे हे होळीनंतर सुरू झालं, महिन्याभराने बरं झालं आणि आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पुन्हा उलटलं. दोन्ही वेळा लक्षण वरवर तेच होतं, पण कारणं वेगळी निघाली. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

थोडं आमच्या गाडीबद्दल. मी ठिबकची कामं करतो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा आणि पुढे शिरपूरपर्यंत, सातपुड्याच्या पायथ्याच्या केळीच्या पट्ट्यात माझं वर्षभर फिरणं असतं. दोन वर्षांपूर्वी बेकरीचा माल पोचवणारी एक जुनी डिलिव्हरी व्हॅन घेतली आणि तिचंच घर केलं. आई माझ्यासोबत असते. ज्याच्या मळ्यात काम, त्याच्या बांधावर किंवा विहिरीजवळ मुक्काम. शेतातली लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री, त्यामुळे बाहेरून वायर घ्यायचीच नाही असं पहिल्या दिवशी ठरवलं होतं. छतावर २७० वॅटच्या दोन सोलर प्लेटा, ४० अँपिअरचा एमपीपीटी जातीचा चार्ज कंट्रोलर, १२.८ व्होल्टची २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम फॉस्फेट बॅटरी. १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज, दोन पंखे, चार दिवे आणि नळासाठी लहान पंप. मिक्सरपुरता एक इन्व्हर्टर.

फ्रिजचं एवढं का मनावर घेतलं, तर त्यात आईचं इन्सुलिन असतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उघडलेली बाटली थंड जागी महिनाभर बाहेर चालते म्हणतात, पण ती थंड जागा म्हणजे २५, फार तर ३० अंश. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याची गाडी मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. इथे फ्रिज बंद पडणं म्हणजे दूध नासण्यापुरती गोष्ट नाही.

मी आधी काय काय करून पाहिलं तेही सांगतो, कारण बहुतेक जण त्याच वाटेने जातात. ज्यांच्याकडून बॅटरी घेतली ते म्हणाले, उन्हाळ्यात लोड वाढतो, अजून एक बॅटरी जोडा. तीस हजारांच्या पुढचा खर्च. पैसे नव्हते म्हणून तो झाला नाही, आणि ते बरंच झालं. मग फ्रिजचं बॅटरी-संरक्षण (व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की फ्रिज बंद करणारी सोय) ‘हाय’वरून ‘लो’वर आणलं. फ्रिज बंद पडायचा थांबला, पण कॉम्प्रेसर सुरू होताना कण्हल्यासारखा आवाज करू लागला. हा उपाय करू नका. ‘लो’ ही सोय इंजिनच्या बॅटरीपासून तोडलेल्या, स्वतंत्र बॅटरीवर चालणाऱ्या फ्रिजसाठी असते हे खरं, पण व्होल्टेज का पडतंय हे न शोधता ती वापरली तर आजार तसाच राहतो आणि फक्त घंटा वाजायची बंद होते. कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढतो, म्हणजे वायर अजून तापते.

चोपड्याला मोटार वाइंडिंगचं काम करणारे एक नाना आहेत. विहिरीच्या मोटारी भरण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्यापुढे ही कहाणी मांडली तर त्यांनी एकच विचारलं, फ्रिजच्या प्लगपाशी व्होल्टेज किती? मी म्हटलं, नाना, बॅटरीवर तर मोजलंय, तेरा आहे. ते म्हणाले, “बॅटरीले काही नही व्हयेल रे भाऊ, तुनी वायर देख.”

मला स्वतःला हे आधी सुचायला हवं होतं, कारण माझं रोजचं कामच हे आहे. केळीच्या शेवटच्या ओळीत शेवटच्या ड्रीपरला पाणी येत नसेल तर कोणी नवी विहीर खोदत नाही. आपण सबमेनचा पाइप बघतो, फिल्टर बघतो, प्रेशर दोन्ही टोकांना मोजतो. विहीर भरलेली असते, पाणी वाटेतच दमतं. लाइनच्या टोकाला ज्यांचं शेत आहे त्यांना विजेचंही हेच ठाऊक असतं: डीपीवर व्होल्टेज असतं आणि मोटारीपाशी पोचेपर्यंत मोटार जळायच्या बेतात येते.

आता मोजायची पद्धत. साधा मल्टिमीटर पुरतो. रात्री मोजा, कारण दिवसा प्लेटा चालू असताना आकडे फसवतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असू द्या, दोन्ही पंखे फुल्ल, दिवे लावलेले. लोड नसताना मोजलं तर वायर कितीही बारीक असली तरी दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज दिसेल. पाणी वाहत नसलं की पाइपातलं प्रेशर सगळीकडे सारखं दिसतं, तसं. लोडवर आधी बॅटरीच्या थेट खुंटांवर मोजा, मग फ्रिजच्या प्लगवर. आमचे आकडे असे निघाले: बॅटरीवर १३.०, प्लगवर ११.५. दीड व्होल्ट वाटेत गायब.

ते कुठे गेलं हे शोधायला मीटरची एक काडी बॅटरीच्या प्लसवर ठेवायची आणि दुसरी प्लसच्याच वाटेवर एकेक टप्पा पुढे न्यायची. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे दुखणं. मग मायनसच्या वाटेवर तसंच. आमच्याकडे बॅटरी मागच्या दाराशी आणि फ्यूजबॉक्स ड्रायव्हरच्या सीटमागे, मध्ये सहा मीटर अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर. अडीच एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो, म्हणजे सहा मीटरला ०.०४४. लोड नऊ अँपिअर होता. गुणाकार केला की ०.४ व्होल्ट, आणि मीटरनेही तेवढंच दाखवलं. फ्यूजची पट्टी काळवंडलेली, तिथे ०.१५. फ्यूजबॉक्सपासून फ्रिजपर्यंत दीड एमएमची वायर, दोन मीटर जायची आणि दोन मीटर यायची, तिथे ०.२ च्या वर. आणि सगळ्यात मोठा चोर मायनसच्या बाजूला सापडला. गाडी तयार करताना मी मायनसची वायर वाचवली होती आणि बॉडीलाच अर्थ दिला होता. तो बोल्ट रंगावर कसलेला आणि खाली गंज. एकट्या त्या बोल्टपाशी ०.७ व्होल्ट जात होतं. हात लावला तर कोमट लागला.

मग रात्रीच का? हे समजलं तेव्हा सगळं कोडं सुटलं. दिवसा चार्ज कंट्रोलर लाइन १४ च्या आसपास धरून ठेवतो, त्यातून दीड गेलं तरी फ्रिजला साडेबारा मिळतात. संध्याकाळी बॅटरी १३.३ असते, दीड वजा जाता ११.८. मध्यरात्रीनंतर १३.० ला येते, तेव्हा ११.५. आमचा फ्रिज ‘हाय’वर ११.१ ला बंद होतो आणि १२.४ मिळाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. तुमच्या फ्रिजचे आकडे पुस्तिकेत बघा, प्रत्येकाचे वेगळे असतात. ११.५ वर तो कसाबसा चालू असायचा. अडीच-तीनला आई उठायची आणि नळ उघडायची. पंपाचे पाच अँपिअर त्याच वायरीवर पडायचे, अजून सहा-सात दशांश व्होल्ट खाली, आणि फ्रिज १०.८ ला येऊन बंद. पंप थांबला तरी पंखे चालूच, त्यामुळे प्लगवर जेमतेम १२.४, कधी १२.३. म्हणून तो सकाळपर्यंत परत उठायचा नाही. हिवाळ्यात हे झालं नाही कारण तेव्हा पंखे बंद आणि कॉम्प्रेसर थोडाच वेळ चालायचा. उष्णतेचाही हात होता: तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, आणि छताच्या पत्र्याखालून गेलेली वायर उन्हाळ्यात चांगलीच तापलेली असते.

दुरुस्ती एका दिवसाची. बॅटरीपासून फ्यूजबॉक्सपर्यंत प्लस आणि मायनस दोन्ही सोळा एमएमच्या वायरी टाकल्या. मायनस थेट बॅटरीला, बॉडीच्या भरवशावर काही ठेवलं नाही. फ्रिजला फ्यूजबॉक्सपासून स्वतंत्र सहा एमएमची जोडी. पंपाची वायर वेगळी. बॅटरीच्या प्लसपाशी वीतभर अंतरात ६० अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे तो बॅटरीजवळच पाहिजे. गाडी हादरत जाते, वायर कुठे तरी पत्र्याला घासते, आणि लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल व्हायला क्षणही लागत नाही. घरातली एसीची एमसीबी इथे लावू नका. डीसीची ठिणगी ती नीट तोडू शकत नाही.

वायर घेताना बारीक तारांची, वाकणारी, शुद्ध तांब्याची घ्या. वेल्डिंगची केबल चालते आणि आपल्याकडे ती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण तिचं टोक खरवडून बघा: आत पांढरट धातू दिसला तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत द्या. लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) हातोडीने ठोकू नका. नानांकडे हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं यंत्र आहे, त्यांनी आठ लग दाबून दिले आणि चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. ज्या गावात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे तिथे हे यंत्र बहुतेक असतंच.

त्या रात्री मोजलं: बॅटरीवर १३.०, फ्रिजच्या प्लगवर १२.७५. नळ उघडला तरी १२.७. आईला म्हटलं, आता हवं तेव्हा पाणी घे.

आखाजी झाली आणि मुक्काम अडावदजवळच्या एका मळ्यात होता. केळी कापून झालेली, सावलीला झाड नाही. तिथे चौथ्या रात्री फ्रिज बंद. माझा पहिला संशय नव्या लगांवर गेला. उठून मोजलं, तर प्लग आणि बॅटरी यांत फरक फक्त पाव व्होल्टचा. वायर निर्दोष. पण या वेळी बॅटरीच खाली होती, १२ च्याही आत, आणि पंखेसुद्धा मंदावलेले. म्हणजे या वेळी विहीरच आटली होती. आणि तरीही दुपारी कंट्रोलर १४.४ व्होल्ट, सगळ्या दांड्या, चार्जिंग शून्याजवळ, असं दाखवत होता. बॅटरी भरली की नेमकं हेच दिसतं.

बॅटरी भरलेली नसतानाही नेमकं हेच दिसतं, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लिथियम बॅटरीच्या पोटात बीएमएस नावाची पट्टी असते. सेल फार तापले की ती चार्जिंगची वाट बंद करते, डिस्चार्जची वाट मात्र चालू ठेवते. आमच्या बॅटरीत ही हद्द ५५ अंशांची आहे. वाट बंद झाली की कंट्रोलरला करंट ढकलायला जागा राहत नाही, तो व्होल्टेज १४.४ पर्यंत वर नेतो, फ्रिज-पंख्यांपुरती वीज देतो आणि बॅटरी भरली असं समजतो. दांड्यासुद्धा व्होल्टेजवरूनच मोजल्या जातात, त्या पूर्ण दिसणारच. लिथियम फॉस्फेटमध्ये तर दांड्यांवर कधीच विसंबू नये, ९० टक्के आणि ४० टक्के यांच्या व्होल्टेजमध्ये जेमतेम दोन दशांशांचा फरक असतो.

हे ओळखायचे दोन मार्ग. बॅटरीला ब्लूटूथ असेल तर ऐन दुपारी दोन-तीनला ॲप उघडा, सेलचं तापमान आणि चार्जिंगचा स्विच चालू की बंद ते दिसेल. माझ्या मोबाईलवर ते ॲप पहिल्या दिवसापासून होतं, पण मी ते फक्त सकाळी बघायचो, आणि सकाळी सगळं थंडच असतं. ॲप नसेल तर दुपारी प्लेटांची वायर मधल्या स्विचने तोडा आणि पंखे चालू ठेवून दहा मिनिटं थांबा. खरोखर भरलेली बॅटरी १३.३-१३.४ वर टिकून राहते. अडवलेली असेल तर १४.४ वरून एका झटक्यात १३.१ किंवा त्याखाली येते. ध्यानात ठेवा, तोडायच्या त्या प्लेटांच्या वायरी. प्लेटा जोडलेल्या असताना कंट्रोलरची बॅटरीकडची वायर काढली तर कंट्रोलर जळू शकतो.

आमच्याकडे दुपारी साडेतीनला ५७ अंश निघाले. बॅटरीची पेटी मागच्या दाराशी, पश्चिमेच्या पत्र्याला चिकटून. त्याच पेटीत इन्व्हर्टर आणि कंट्रोलर, दोघेही स्वतः तापणारे. पेटीला झाकण आणि वर गादी. साडेबारा ते पाचपर्यंत चार्जिंग बंद राहायचं. सकाळच्या पाच तासांत साठ एएचच्या आसपास भरायचे आणि रात्री नव्वदच्या वर जायचे. रोज तीसेकचा खड्डा. म्हणून पहिल्या रात्री काहीच झालं नाही, चौथ्या रात्री झालं. मधे एखादा ढगाळ, जरा थंड दिवस आला की खड्डा भरून निघायचा आणि मला वाटायचं की आपोआप बरं झालं. दुखणं अधूनमधून येतं-जातं तेव्हा मागच्या तीन-चार दिवसांचं ऊन आठवून पाहा.

बॅटरी तिथून हलवली. आता ती गाडीच्या मध्यभागी, पलंगाखाली, जमिनीलगत आहे, पत्र्यापासून चार बोटं सुटी आणि मध्ये थर्माकोल. कंट्रोलर आणि इन्व्हर्टर वेगळ्या उघड्या कप्प्यात. बॅटरीच्या पेटीला खालून हवा आत आणि वरून बाहेर, कॉम्प्युटरमधले दोन लहान पंखे, मिळून तीन-चार वॅट. छताला पांढरा उष्णतारोधक रंग दिला. कंट्रोलरमध्ये चार्जिंगची मर्यादा ४० वरून २५ अँपिअर केली, म्हणजे बॅटरी स्वतःच्या चार्जिंगने कमी तापते. दिवस लांब असतो, २५ ने भागतं. गाडी लावताना आता मी नाक पश्चिमेला करतो, म्हणजे दुपारचं ऊन काचेवर पडतं, लांब बाजूवर नाही. काचेला आतून पडदा आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी जास्तीत जास्त ४४ अंश नोंदले.

शेजारच्या मळेकऱ्याने ओलं गोणपाट टाकायला सांगितलं होतं, जसं आपण कूलरला वाळा लावतो. छताच्या मोकळ्या भागावर टाकलं तर गाडी खरंच निवते. बॅटरीच्या किंवा वायरिंगच्या जवळ मात्र ओलं काही नको.

प्लेटांचं थोडक्यात. आमच्या प्लेटा पत्र्याला लागूनच बसवल्या होत्या, आता पट्ट्या टाकून चार इंच उचलल्यात. प्लेट तापली की वीज कमी देते, २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्का. सत्तर अंशांना तापलेली प्लेट पाचवा-सहावा हिस्सा गमावते. आणि चैत्र-वैशाखात नांगरटीची काळी धूळ रोज बसते. पहाटे प्लेट थंड असताना धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

एक वेगळं प्रकरण इथे मिसळू नका. तुमचा फ्रिज घरातला, २३० व्होल्टचा असेल आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसर सुरू होतानाच टीं करून बंद पडत असेल, तर सुरुवातीच्या क्षणाला लागणारा करंट बघायला हवा. तो चालू लोडच्या कितीतरी पट असतो. वायर मोजण्याची रीत तीच, पण आकडे इन्व्हर्टरच्या खुंटांवर घ्यायचे, आणि तिथे सोळा एमएमसुद्धा अपुरी पडू शकते.

पावसाळ्याआधी मी सगळे लग एकदा कसून घेतले, वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला आणि फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवली: लोडवर बॅटरी १३.०, प्लग १२.७५, तारीख. दर महिन्याला तिथे एक ओळ वाढवतो. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की पाना काढायचा.